गाल सुजला? ठणका थांबला तरी दाढ दाखवा

खेरवाडीचे एक रिक्षाचालक गाल हाताने धरून माझ्या वांद्र्याच्या दवाखान्यात आले. महिन्यापूर्वी त्यांची खालची दाढ रात्रभर ठणकत होती. दुकानातून कॅप्सूल आणून त्यांनी तीन दिवस घेतल्या, वर मशेरी लावली. ठणका थांबला. आता जबडा दुखत होता, गाल सुजला होता आणि तोंडात उभी दोन बोटेही शिरत नव्हती. “डॉक्टर, दाढ तर बरी झाली होती, मग हे कुठून आले?”

दाढ बरी झाली नव्हती. कीड आतपर्यंत गेली की नस मरते आणि ठणका थांबतो. पण मुळाशी पू साचत राहतो. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणून गोळीचे औषधही तेथे पोचत नाही. सूज तात्पुरती उतरते, मूळ तसेच राहते. पू काढणे आणि रूट कॅनाल करणे किंवा दाढ काढणे, हाच खरा उपाय.

इतर कारणेही असतात. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवती सूज येते. मुलांना ताप येऊन कानाखाली सूज आली तर गालगुंड असू शकते. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. जेवतानाच सूज वाढत असेल तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो. मधुमेह्याचा गाल सुजून वरचे दात हलू लागले किंवा गाल बधिर झाला, तर एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांना गाठले, ते याच लक्षणांनी. सूज नसताना जबडा दुखून घाम येत असेल, छाती भरून येत असेल, तर हृदयविकाराची शंका घ्यावी.

घरी काय करावे? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. गरम शेक नको. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने घ्यावी, दिवसात चारपेक्षा जास्त नको. यकृताचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. मशेरीने दाढ बरी होत नाही, व्यसन मात्र लागते. पू काढण्यासाठी सुई घरी टोचू नये.

तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळू लागली, जीभ वर उचलली गेली, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकली, श्वासाला त्रास झाला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. जिभेखालच्या अशा सुजेचे वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्येच केले होते. तिने श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

आमच्या रुग्णाची रक्तातील साखर २८० निघाली. मधुमेह असल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले. पू काढला, दाढ काढली, साखरेचे औषध सुरू झाले. आठवड्याने ते आले तेव्हा पोटभर भाकरी खाऊन आले होते.

खर्चाच्या धास्तीने दाढ अंगावर काढू नका. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय येथे कमी खर्चात उपचार होतात. आपल्या जिल्हा रुग्णालयातही दंत विभागाची चौकशी करा. ठणका थांबला त्याच आठवड्यात जा. गाल सुजण्याची वाट पाहू नका.