न्याय्य कायदा करणे सरकारला जड का जाते?



घरभाडे व घरपट्टी न्याय्य असावी, असे सर्वच पक्ष म्हणतात. मग कायदे बदलायला इतकी वर्षे का लागतात? मुंबईचे उदाहरण घेऊन आपण याचा अभ्यास करू या.

१. गोठलेले भाडे
टंचाईच्या काळात भाडेकरूंची पिळवणूक होऊ नये म्हणून १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे 'प्रमाण भाडे' ठरले. हेतू चांगला होता. पण तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, चाळी खचत गेल्या, आणि भाड्याने देण्यासाठी कोणी घरे बांधेना. काळाच्या ओघात या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, पण ती जुन्याच भाड्यावर. ५० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये!

२. घरपट्टीचा गुंता
मुंबईत घरपट्टी अपेक्षित भाड्यावर ठरत असे. त्यामुळे शहरातील मोक्याच्या जुन्या घराला कमी आणि उपनगरातील नव्या घराला जास्त पट्टी, असे उलटे चित्र दिसे. २०१० पासून पट्टी भांडवली मूल्यावर आली. तरीही वाढीवर मर्यादा घालाव्या लागल्या. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. छोट्या कुटुंबांना दिलासा मिळाला. मात्र ही सवलत क्षेत्रफळ पाहते, किंमत पाहत नाही.

३. अडते कुठे?
बदलामुळे ज्याचे नुकसान होते, त्याला ते आजच, आकड्यासह दिसते. तो मोर्चा काढतो, मत देतो. ज्याचा फायदा होणार असतो, तो उद्या घर शोधणारा तरुण असतो. त्याची ना संघटना, ना त्या वॉर्डात मत. शिवाय जुन्या खोलीत निवृत्तिवेतनावर जगणारी विधवाही राहते आणि सधन व्यापारीही. कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो. तिला धक्का लागू नये म्हणून सरकार थांबते, आणि त्याचेही आपोआप फावते.

म्हणून गरजूला थेट आधार आणि इतरांसाठी टप्प्याटप्प्याने, आधी जाहीर केलेली वाढ, हा मार्ग आम्हांला अधिक न्याय्य वाटतो. सारा दोष पुढाऱ्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपली सवलत आपल्याला हक्क वाटते, दुसऱ्याची मात्र अन्याय. हे बदलल्याशिवाय कोणतेही सरकार धाडस करणार नाही.

गटचर्चेसाठी प्रश्न
१) आपल्याला मिळणाऱ्या कोणत्या सवलतीची आपल्याला खरोखर गरज आहे?
२) आपल्या परिसरात भाड्याचे घर शोधणाऱ्यांना कोणत्या अडचणी येतात?
३) ज्यांना इथे मत नाही, त्यांच्या बाजूने कोण बोलणार?