जुन्या पिकअप गाडीच्या कमानी

मालवाहू पिकअप गाडीच्या मागील भागाखाली वाकून पाहिले, तर आसाच्या दोन्ही टोकांपाशी पोलादी पाट्यांची एकेक जुडी बसविलेली दिसते. हीच कमान होय. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या चारही चाकांवर अशाच कमानी होत्या. आजही अनेक मालवाहू गाड्यांच्या मागील आसावर त्या असतात.

गाडी जुनी झाली, की ती एका बाजूस कलते व रिकामी असतानाही खडखडते. अशा वेळी झिजलेले भाग बदलावे लागतात. परंतु कोणता भाग कोणते कार्य करतो, हे जाणल्यावाचून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

पाटे अनेक का असतात?

पाटा दुप्पट जाड केला, तर त्याचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो; कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मूळ जाडीचे दोन पाटे एकावर एक मोकळे ठेवल्यास मात्र ताठपणा केवळ दुप्पट होतो. लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या एकत्र धरून वाकवाव्यात. त्यांची टोके एकमेकींवर सरकताना दिसतील. त्याच पट्ट्या सरसाने चिकटवल्या, तर त्या वाकविणे कठीण जाईल. गंजाने पाटे चिकटले की कमानीचे असेच होते, आणि रस्त्याचे धक्के थेट चेसिसला बसू लागतात.

पोलादही थकते

एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा पडल्यास पोलाद तुटू शकते. गंजाचा खड्डा, ओरखडा किंवा छिद्र येथे सूक्ष्म तडा उत्पन्न होऊन तो वाढत जातो. आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १९ व्या शतकात या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास केला. तडकलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा जोडाजवळ पुन्हा तुटतो.

तपासणी

रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजावी. पाटे, कमानीच्या टोकांतील रबरी बुश आणि मागचे टोक टांगून धरणारी शॅकल ही जोडपट्टी पाहावी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असल्यास तो निकामी समजावा. भार कमान पेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिची हेलकावणारी गती तेलाच्या घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करून शमवितो. म्हणून कललेली गाडी नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालून सरळ होत नाही. कमान वा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. अन्यथा एक बाजू मऊ व दुसरी ताठ राहते.

बदलण्याची रीत

पुढील चाकांस ठोकळे लावावेत. चेसिस भक्कम घोड्यांवर टेकवून आसाला निराळ्या जॅकचा आधार द्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. आस सावकाश खाली करून कमानीवरील ताण उतरल्यावरच बोल्ट काढावेत.

नवी कमान बसविताना तिच्या मधल्या बोल्टाचे डोके आसावरील खाचेत नीट बसले पाहिजे. हा बोल्ट केवळ जागा निश्चित करतो. आसाला खरी पकड यू-बोल्टांची असते. ते सैल राहिले, तर सारा जोर मधल्या बोल्टावर येऊन तो तुटतो, आस मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. म्हणून यू-बोल्ट नवेच घ्यावेत, उत्पादकाने सांगितलेल्या मापाने तिरपे-समोरासमोर आवळावेत आणि गाडी थोडी चालविल्यावर पुन्हा तपासावेत.

शेवटची आवळणी

कमान हलते तेव्हा बुशातील रबर पिळते व पुन्हा सरळ होते. चाके अधांतरी असताना टोकांचे बोल्ट पक्के केले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि अल्पावधीत फाटते. यास्तव आरंभी बोल्ट हलकेच बसवावेत. गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच ते पूर्ण आवळावेत. या एका पायरीस थोडाच वेळ लागतो; ती गाळली, तर नवे बुश लवकरच जुन्यांच्या वाटेने जातात.