आर्द्रेचा अंधुक सोबती

मृग कोरडा गेला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या तोंडी आर्द्रेचे नाव येते. मौज अशी की, त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असल्याने आर्द्रेचा तारा कोणास दिसत नाही. तो पाहावयाचा असल्यास कापसाची वेचणी चालू असताना, पौषातील सायंकाळी पूर्वेकडे पाहावे. मृगाच्या चौकोनातील ईशान्य कोपऱ्याचा तांबूस तारा तोच. कित्येक पुस्तकांत त्यास काक्षी म्हटले आहे.

या ताऱ्यास एक सोबती असावा, असे 2025 साली ज्योतिषशास्त्रज्ञांनी जाहीर केले. हा सोबती आर्द्रेहून सुमारे 250 पट मंद असून तिच्यापासून केवळ 52 सहस्रांश विकला दूर आहे. अंशाचे 3600 भाग केले असता एक विकला होते, हे विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. आपल्या वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा अर्धी विकला किंवा त्याहून अधिक पसरते. मग त्या पसाऱ्यात हा काजवा सापडला कसा?

त्यासाठी एक प्रयोग करून पाहावा. आम्ही तो नववीच्या वर्गास शाळेच्या पटांगणात दाखविला. काळ्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने पात्याने दोन बारीक चिरा पाडाव्या व त्यांतून वीस पावलांवरील विजेरीच्या उघड्या, तांबड्या कागदाने झाकलेल्या दिव्याकडे पाहावे. प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून उजेडाचे व अंधाराचे पट्टे दिसतात. आता शेजारी तसाच दुसरा दिवा ठेवून हळूहळू सरकवावा. एका विशिष्ट अंतरावर एकाचे उजळ पट्टे दुसऱ्याच्या काळ्या पट्ट्यांवर पडतात व पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. दिवे डोळ्यांस वेगळे दिसोत वा न दिसोत, पट्ट्यांनी त्यांचे अंतर सांगितले!

"पण सर, दुसरा दिवा अगदी मंद असला तर?" असे एका मुलाने विचारले. सारी अडचण याच प्रश्नात आहे. तेव्हा पट्टे मावळत नाहीत. काळा पट्टा किंचित करडा होतो, इतकेच. दिवा 250 पट मंद असेल तर तो करडेपणा शंभरात एक भागही भरत नाही.

मायकेल्सन व पीज यांनी डिसेंबर 1920 मध्ये याच युक्तीने, माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीवर 20 फुटी तुळई बसवून, आर्द्रेचाच व्यास मोजला होता. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास असा प्रत्यक्ष मोजला गेला तो प्रथमच. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची जी वेधशाळा उभारावयाची आहे, तिचेही मूळ मायकेल्सनच्या यंत्रातच आहे. मात्र ती ताऱ्यांचा प्रकाश न पाहता गुरुत्वीय लहरी टिपणार आहे.

मंद सोबत्यासाठी लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1970 साली निराळी वाट दाखविली. सेकंदाच्या अल्पशा अंशात छायाचित्र घेतले असता हवेची थरथर जणू गोठते आणि ताऱ्याची प्रतिमा असंख्य ठिपक्यांत विखुरलेली दिसते. सोबती असल्यास प्रत्येक ठिपक्याशेजारी ठरावीक दिशेस व ठरावीक अंतरावर एक मंद ठिपका असतोच. एका चित्रात तो ओळखू येत नाही. परंतु हजारो चित्रांचे गणित एकत्र मांडले की तेच अंतर पुनःपुन्हा येऊन पट्टे उमटतात. पट्ट्यांच्या दाटीवरून अंतर कळते, गडदपणावरून सोबत्याचे तेज. तमिळनाडूतील कावलूरच्या 2.34 मीटर दुर्बिणीवरही याच रीतीने जोडताऱ्यांचे वेध घेतले गेले आहेत.

आर्द्रेचे तेज सुमारे सहा वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होते, ते सोबत्यामुळे असावे, असे अनुमान 2024 साली निघाले होते. गणिताप्रमाणे 2020 मध्ये तो दिसू नये व डिसेंबर 2024 मध्ये दूर सरलेला दिसावा. हॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील 8.1 मीटर व्यासाच्या जेमिनी दुर्बिणीने दोन्ही वेळी वेध घेतले. 2020 मध्ये काही आढळले नाही. 2024 मध्ये अपेक्षित जागी मंद खूण आढळली. तथापि खूण दुबळी आहे, हे त्यांनी स्वतःच लपविले नाही, आणि आम्हांस ते शोधाइतकेच मोलाचे वाटते. नोव्हेंबर 2027 मध्ये सोबती पुन्हा आर्द्रेपासून अधिकात अधिक दूर यावयास हवा. त्या वेळी दुर्बिणी पुन्हा तिकडे वळतील.