आधी पोटदुखी, मग उलटी : मुलांमधील अपेंडिक्स ओळखताना

मुलाचे पोट दुखू लागले की कारण बहुतेक वेळा साधेच असते. अपचन, बद्धकोष्ठता, जंत, कधी शाळा चुकवण्याचा बहाणा. त्यामुळे अपेंडिक्सला सूज आली तरी पहिल्या दिवशी घरात कुणाला शंका येत नाही. दुखणे बेंबीभोवती सुरू होते आणि आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळले जाते. त्यात मोलाचे तास निघून जातात.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली असलेली बोटासारखी बारीक नळी. तिचे एक टोक बंद असते. दुसरे तोंड कडक मळाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले की आत जंतू वाढतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर ती फुटते आणि पोटात पू पसरतो.

या आजारात लक्षणांचा क्रम महत्त्वाचा. आधी बेंबीभोवती दुखते, भूक मरते, नंतर उलटी होते, बारीक ताप येतो. काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि तिथेच ठाण मांडते. याउलट आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटदुखी असेल, तर पोटातील साधा संसर्ग असण्याची शक्यता जास्त.

मूल वाकून चालते का, उजवा पाय पोटाशी घेऊन पडते का, ते पाहावे. खोकल्यावर, उडी मारल्यावर किंवा रिक्षा गतिरोधकावरून गेल्यावर ते कळवळत असेल, तर संशय बळावतो.

पाच वर्षांखालील मुलांत मात्र हा क्रम सापडेलच असे नाही. त्यांना नीट सांगता येत नाही, पोट सगळीकडे दुखते, जुलाबही होतात. म्हणूनच या वयात निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असण्याचे प्रमाण जास्त आढळते.

डॉक्टर काय करतात? पोट तपासून, लक्षणे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी मिळून १० पैकी गुण देण्याची एक पद्धत आहे. लघवीची तपासणी व सोनोग्राफीही करतात. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही, म्हणजे आजार नाही असे नव्हे. काही तासांनी डॉक्टर पुन्हा तपासायला बोलावतात, ते टाळू नये. मुलग्यांत अंडकोषाला पीळ पडल्यानेही पोट दुखते आणि त्यात काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. मुले लाजून सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारावे. वयात येणाऱ्या मुलींत अंडाशयाचे दुखणेही तपासावे लागते.

आमची आई-वडिलांना विनंती आहे :

• पोट चोळू नये, शेकू नये.
• एरंडेल, जुलाबाचे औषध किंवा एनिमा देऊ नये.
• घरातली उरलेली प्रतिजैविके देऊ नयेत.
• संशय असल्यास दवाखान्यात पोहोचेपर्यंत खायला-प्यायला देऊ नये.
• दृष्ट काढण्यात, अंगाऱ्यात वेळ घालवू नये.
• गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक धोका लक्षात ठेवावा. खूप दुखणारे पोट अचानक थांबले, तर 'बरे वाटले' म्हणून घरी थांबू नये. अपेंडिक्स फुटल्यावर ताण कमी होऊन थोडा वेळ असेच वाटते. नंतर ताप चढतो, पोट कडक होते.

डॉक्टर मुलाला काही मिनिटेच पाहतात, आपण रात्रभर पाहिलेले असते. म्हणून एका कागदावर लिहून न्यावे : किती वाजता दुखू लागले, कुठे, उलटी आधी की नंतर, शेवटचे काय व केव्हा खाल्ले, कोणते औषध दिले. निम्मे निदान त्या कागदावर असते.