निदानासाठी कीड-रोगाचे छायाचित्र जवळून कसे घ्यावे?

पिकावर अळी किंवा डाग दिसला की आता मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढून तज्ज्ञांकडे पाठविले जाते. ही पद्धत सोयीची आहे. परंतु अशा पुष्कळ छायाचित्रांवरून निदान करता येत नाही. छायाचित्र सुरेख असते, पण जी खूण पाहून कीड ओळखावयाची, तीच नेमकी चौकटीबाहेर राहते किंवा अस्पष्ट येते. निदान चुकले की औषध चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून कॅमेरा उघडण्यापूर्वी चित्रात काय दिसले पाहिजे, हे ठरवावे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. ही कीड भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. म्हणजे एक खूण एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. पोंग्यात तोंड खुपसून बसलेल्या अळीचे छायाचित्र कितीही जवळून घेतले तरी त्यात डोके येत नाही. अशा वेळी अळी काडीने अलगद बाहेर काढून पानावर ठेवावी आणि बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. फोन अळीच्या पाठीला समांतर धरणे फार महत्त्वाचे आहे. जवळून छायाचित्र घेताना फक्त एक पातळ थरच स्पष्ट येतो, पुढचे-मागचे सर्व धूसर होते. फोन तिरपा झाला की डोके स्पष्ट येते आणि ठिपके पुसट होतात. अळी चौकटीत तिरकी, एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे आली तर ती मोठी दिसते व दोन्ही टोके मावतात.

फार जवळ जाण्याचा मोह टाळावा. बहुतेक साध्या फोनमध्ये १० सें.मी. पेक्षा जवळची वस्तू स्पष्ट येत नाही. चित्र स्पष्ट दिसेपर्यंत फोन मागे घ्यावा, पडद्यावर अळीच्या जागी बोट टेकवावे व नंतर कडेचा नको असलेला भाग कापून टाकावा.

पार्श्वभूमी साधी असावी. पांढरा कागद खाली धरण्याची प्रथा आहे, परंतु त्यामुळे कॅमेरा उजेड कमी करतो आणि कीड काळपट येते. त्याऐवजी खाकी पुठ्ठा बरा. भर दुपारच्या उन्हात पान चकाकते, म्हणून सकाळी किंवा छत्रीच्या सावलीत छायाचित्र घ्यावे. दवबिंदूंसह पान फार देखणे दिसते, पण निदानाला दव अडचणीचेच. डाग त्याखाली झाकले जातात. वाऱ्याने पान हलत असल्यास देठ दुसऱ्या हाताने धरावा.

रोगाच्या बाबतीत एक बाजू पुरत नाही. द्राक्षावरील केवडा रोगात पानाच्या वर पिवळसर तेलकट डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी दिसते. त्यामुळे एकाच पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

अन्नद्रव्यांच्या कमतरतेत तर जवळचे छायाचित्र एकटे दिशाभूल करते. नत्र कमी पडल्यास खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडल्यास शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात व शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या पानाने सगळी चौकट भरून टाकली तर ते पान झाडावर कोठे होते, हेच समजत नाही आणि लोहाच्या कमतरतेवर युरिया टाकला जातो. म्हणून आधी संपूर्ण झाड, मग फांदी व शेवटी पान अशी तीन छायाचित्रे घ्यावीत.

आकार कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. नाणे ठेवू नये, कारण एक रुपयाची नाणीही वेगवेगळ्या आकारांची आहेत. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठविल्यास त्यातील बारकावे कमी होतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि सोबत पिकाचे नाव, वाण, वय व आधी केलेली फवारणी लिहावी.