सायकल आपल्या मापाची करून घ्या



माण तालुक्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. आपल्या गटांतही कुणी बचतीतून, कुणी गटाचं कर्ज काढून सायकल घेतली आहे. पण सातारा-सांगलीच्या गावांत फिरताना एक गोष्ट सारखी कानावर येते, "सायकल आहे हो, पण चालवली की पाठ धरते." मग सायकल पडवीत उभी राहते आणि मुलगी पुन्हा वडापची वाट बघत बसते.

दर वेळी दोष पाठीचा नसतो. सायकल दुकानातून जशी आली तशीच चालवली जाते. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो ना? मग सायकलला का नाही?

हॅंडलच्या आधी सीट बघा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नवी शिकणारी असेल तर सीट थोडी खाली ठेवा. पाय जमिनीला टेकले की भीती कमी होते.

आता हॅंडल. ते सीटच्या बरोबरीला किंवा एक-दोन इंच वर असावं. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहावं, खांदे वर चढू नयेत. हॅंडल फार खाली असेल तर अंगाचा भार मनगटावर येतो, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. मानही दुखते, म्हणून बाई खाली बघत सायकल चालवते. उसाच्या हंगामात अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॉली येते, तेव्हा हे परवडत नाही.

हॅंडल वर घ्यायला पाना किंवा ॲलन की लागते. हॅंडलच्या दांड्याच्या डोक्यावर एक बोल्ट असतो. तो तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकं ठोका, म्हणजे आतली पाचर सुटते. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हॅंडल डावी-उजवीकडे हलवत वर ओढा.

इथं नीट लक्ष द्या. दांड्यावर आडव्या रेघांची खूण असते. ती बाहेर दिसली म्हणजे दांडा जास्त वर आला. खूण नसेल तर किमान अडीच इंच दांडा आत राहू द्या. नाहीतर चालत्या सायकलीचं हॅंडल हातात यायचं! हॅंडल चाकाशी काटकोनात आणून बोल्ट घट्ट करा. पुन्हा चाक गुडघ्यांत धरून हॅंडल जोरात पिळून बघा. जरासुद्धा फिरलं तर बोल्ट अजून आवळा.

ब्रेक तपासल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. जुन्या काळ्या सायकलीला ब्रेकच्या सळ्या असतात. हॅंडल वर घेतलं की त्या ओढल्या जातात आणि ब्रेक लागूनच राहतो, म्हणून ते काम दुकानात करून घ्या. वायरचा ब्रेक असेल तर हॅंडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, ते बघा. काही नव्या सायकलींना वर घेण्यासारखा दांडाच नसतो. त्यांच्या वरच्या बोल्टला हात लावू नका, मिस्त्रीला विचारा.

हॅंडल हाताला लांब पडतं का? दांड्याच्या पुढचा नट सैल करून ते थोडं आपल्याकडे फिरवा. ब्रेकची मूठ बोटांना सहज लागली पाहिजे, विशेषतः घाट-उतारावर राहणाऱ्यांना. दुधाची किटली हॅंडलला अडकवायची सवय मात्र सोडा. किटली मागच्या कॅरिअरला बांधा.

एकच सायकल आई आणि लेक दोघी चालवत असतील तर सीटच्या नळीवर नेलपॉलिशने दोन खुणा करून ठेवा, रोज माप घ्यावं लागणार नाही.

बदल एका वेळी अर्धा-एक इंचच करा. बाजारापर्यंत जाऊन या, मग पुढचं ठरवा. आठवड्याने सगळे नट परत एकदा आवळा. ज्यांच्याकडे पाना नाही त्यांनी पुढच्या बैठकीला सायकलवरच या, गटासाठी एक पाना मी आणते.