खाडीचें मुख व मासळीचीं पिलें

शेतीच्या मासिकांत मासळीचा विषय कशास, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु खाडीकांठच्या खातेदाराचा बांध जेथें संपतो, तेथेंच मासळीचा पाळणा सुरू होतो. महसूल खात्यांत कारकुनी करितांना पीकपाहणीच्या रकान्यांत ‘पड, खारें पाणी’ असें मीं किती वेळां लिहिलें असेल! त्या पडींत काय वाढतें, याचा विचार मात्र तेव्हां मनांत आला नाहीं.

बेलापुरानजीकचें दिवाळे हा पनवेल खाडीकांठचा कोळीवाडा. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर सभोंवारच्या शेतांच्या व मिठागरांच्या जागीं नगर वसलें. तथापि खाडी आहे, तिवरें आहेत, आणि होड्याही आहेत. म्हणून हा विषय तेथील उदाहरणानें मांडतों.

जिताडा सर्वांस परिचित आहे. त्याची मादी पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांत अंडीं घालते. पिलें भरतीबरोबर आंत शिरतात आणि तिवरांच्या मुळांत, लहान ओहोळांत, प्रसंगीं भातखाचरांतही वाढतात. पेण-अलिबागकडील शेतकरी हींच पिलें धरून तळ्यांत सोडीत आले आहेत. या माशाचा एक चमत्कार असा कीं, तो आधीं नर असतो व कांहीं वर्षांनीं मोठा झाल्यावर मादी होतो. सबब अर्ध्या वाढीचे मासेच सारे धरले, तर अंडीं घालावयास कोणी उरत नाहीं. बोई, कोळंबी व चिंबोरी यांचें बालपणही बव्हंशीं अशाच पाण्यांत जातें. तिवराचीं श्वासमुळें चिखलांतून खुंट्यांसारखीं वर येतात; त्यांत मोठा मासा सहसा शिरूं शकत नाहीं, आणि कुजणाऱ्या पाल्यावर वाढणारे सूक्ष्म जीव हें पिलांचें अन्न होय.

परदेशांतही हाच अनुभव आहे. साहेबलोक मुंबईच्या बाजारांतील रावसास ‘सामन’ म्हणत. पण खरा सामन निराळा. तो नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मतो व समुद्रांत जाण्यापूर्वीं खाडीमुखाशीं थांबून खाऱ्या पाण्याची संवय करून घेतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत निस्क्वाली नदीच्या मुखाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतीसाठीं बांध घातला गेला होता. २००९ सालीं तो काढून सुमारें ७६० एकर जमीन भरतीस मोकळी केली, आणि आंतल्या बाजूस नवा बांध घालून गोड्या पाण्याचा भाग राखला. सामनचीं पिलें त्या ओहोळांत पुन्हा शिरूं लागलीं. सगळें सोडलें नाहीं व सगळें धरूनही ठेविलें नाहीं, हें मला त्यांत पटतें.

आतां आपल्या खातेदाराचें दुःख. बांधास खांड पडते, दुरुस्ती लांबते, शेतांत तिवर उगवतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानें व २०१८ च्या निकालानें तिवरांच्या तोडीस बंदी आहे, आणि ती खाजगी जमिनीसही लागू आहे. सातबाऱ्यावर भात आणि शेतांत जंगल, अशी ही अवस्था! याविषयीं माझें मत स्पष्ट आहे. खांड पडली त्याच हंगामांत ती बांधावी. भात पिकविणारी जमीन माशांस देण्याचें कारण नाहीं. परंतु वर्षानुवर्षें बुडालेली जमीन कागदावर धरून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ती खाडीस जाऊं द्यावी, व मालकास तिचा मोबदला मिळावा अशी मागणी संघटितपणें करावी.

अशा जागीं पहिल्यानें रोपें लावण्याची घाई करूं नये. फिलिपाईन्स बेटांत उघड्या चिखलावर लक्षावधि रोपें लाविलीं, त्यांतील पुष्कळ मेलीं. कारण ती जागा झाडांची नव्हती. आधीं पाणी पाहावें. उधाणाची भरती कोठवर चढते, भांगाची कोठें थांबते, हें महिनाभर काठ्या रोवून टिपावें. जुन्या ओहोळाचें तोंड भराव किंवा कचरा यांनीं बुजलें असेल, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षास विचारून तें मोकळें करावें. पाणी दोन्ही वेळां खेळूं लागलें कीं तिवराचें बीं पावसाळ्यांत आपोआप वाहून येतें व रुजतें. न रुजल्यासच लावणी करावी. उघडा चिखल मात्र तसाच ठेवावा. निवट्या व रोहित पक्षी त्यावरच जगतात.

राहिली उघाडी. नव्या मुंबईंतील धारण तलाव ही तिचीच मोठी आवृत्ति: ओहोटीस पावसाचें पाणी बाहेर जातें, भरतीस दार मिटतें. गाळानें दार अडकलें म्हणजे वस्ती बुडते व पिलेंही आंतबाहेर करूं शकत नाहींत. म्हणून मृगापूर्वीं दाराचा गाळ काढावा. भात कापल्यावर, बांधालगत खोल चर असेल व त्याचें पाणी खाचरांत चढत नसेल, तेथें दार थोडें उघडें ठेवून भरती चरांत घ्यावी. खाचरांत खारें पाणी चढल्यास पुढील वर्षाचें पीक जाईल, यास्तव हें काम रात्रीं नोकरावर सोपवूं नये.